रिकामे खुराडे

परसातील कोंबडी दाणे टिपेनाशी झाली, हिरवट विष्ठा टाकू लागली, तिची मान मुरगळू लागली, की मानमोडीची, म्हणजेच राणीखेत रोगाची, शंका घ्यावी. या विषाणुजन्य रोगावर औषध नाही. लस मात्र आहे. आजारी कोंबडी त्वरित वेगळ्या डालग्याखाली ठेवावी.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ उघडकीस आली. तेव्हा परिसरातील धडधाकट कोंबड्याही माराव्या लागल्या. भरपाई पक्षी मोजून मिळते. हाकेसरशी धावत येणाऱ्या कोंबडीचे मोल तीत मावत नाही. घरात कोणी रडले, तर त्यास हसू नये.

एकाएकी अनेक पक्षी दगावल्यास प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मृत पक्षी चुना टाकून खोल पुरावेत. खुराड्यात लगेच नवी पिल्ले आणू नयेत.