सप्तर्षी सापडले की उन्हाळ्याचं आकाश सापडतं

सत्तावीस नक्षत्रांची नावं मुलं धडाधडा म्हणतात. पण "यातलं एक आकाशात दाखव" म्हटलं, की गप्प होतात. मे महिन्याच्या सुट्टीत हे शिकवायला गच्ची किंवा अंगण पुरतं, दुर्बीण लागत नाही. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. दिवे बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात.

१) सप्तर्षी : रात्री नऊला उत्तरेकडे तोंड करा. उंचावर चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी दिसेल. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याच्या शेजारची अंधुक अरुंधती कोणाकोणाला दिसते, ते विचारा.

२) ध्रुव : शेपटीच्या विरुद्ध बाजूचे दोन तारे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढा आणि त्या दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढे जा. तिथे ध्रुव. मुलांना वाटतं तो सगळ्यात तेजस्वी असेल, पण तो मध्यमच आहे. आता हात ताठ करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. ध्रुव क्षितिजापासून जवळपास दोन मुठी वर भरतो, कारण त्याची उंची म्हणजेच आपल्या गावाचा अक्षांश. पुण्यात सुमारे १८.५, नागपुरात २१. भूगोलाचा धडा इथेच होतो!

३) स्वाती, चित्रा : शेपटीचा बाक तसाच पुढे न्या. आधी नारिंगी स्वाती, मग निळसर पांढरी चित्रा. चैत्र पौर्णिमेला चंद्र चित्रेच्या आसपास असतो, म्हणून महिन्याचं नाव चैत्र. वैशाख, ज्येष्ठ कशावरून आले, ते मुलांनाच शोधू द्या.

४) मघा : डोक्यावरून थोडं पश्चिमेला सिंह राशीचा विळा दिसतो. विळ्याच्या मुठीशी असलेला ठळक तारा मघा.

५) त्रिशंकू : दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर तिथे खाली चार ताऱ्यांचा छोटा पतंग दिसेल. इंग्लंडमधून तो कधीच दिसत नाही. का, यावर गोल पृथ्वीची चर्चा होऊ द्या.

घरचा अभ्यास : रात्री आठला आणि दहाला, एकाच जागेवरून ध्रुव आणि मघा यांची चित्रं काढा. कोण सरकलं, कोण जागेवर राहिलं? पृथ्वी फिरते हे वाक्य मग पाठ करावं लागत नाही.

पालकांनो, नावं चुकली तरी चालतील. मुलांसोबत वर बघा, एवढंच.