गाडी एका अंगाला का बसते?

नवलाख उंबरे हे मावळातले गाव. पूर्वी येथे माल बैलगाडीने जाई. आता तळेगावची औद्योगिक वसाहत शिवाराला येऊन भिडली आहे. दारोदारी गाड्या आल्या आहेत. गाडी चालवणारे पुष्कळ झाले. गाडी पारखणारे मात्र थोडेच.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक काका येतात. त्यांची जुनी व्हॅन आहे. सकाळी तांदळाची पोती तळेगावला न्यायची आणि दुपारी त्याच गाडीतून शाळेची मुले आणायची, असा त्यांचा क्रम. एके दिवशी ते म्हणाले, "मास्तर, गाडी मागनं डावीकडं बसलीय. खड्ड्यात टायर घासतोय. दोन टायर खाल्ले तिनं!"

त्यांनी गाडी एका कारागिराला दाखवली होती. त्याने मागचे दोन्ही शॉकअप बदलले आणि मडगार्ड ठोकून वर केले. पैसे गेले, पण घासणे राहिलेच. राहणारच! शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. तो फक्त गाडीचे हेलकावे थांबवतो. अशा गाडीत वजन पेलते ती कमान. टांग्याला जशा लोखंडी पाट्यांच्या कमानी असत, तशाच या व्हॅनला मागे आहेत. काही गाड्यांना पाट्यांऐवजी गोल गुंडाळीची स्प्रिंग असते. तिचेही काम तेच.

आम्ही आधी टायर पाहिला. त्याच्या बाजूचे रबर कापले जाऊन आतले सूत दिसत होते. टायरच्या तळव्याखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजूला तो नसतो. तेथे सूत तुटले की भरधाव गाडीचा टायर फुटतो. आम्ही म्हणालो, "काका, आज मुलं आणायची नाहीत." काकांना ते रुचले नाही. पण त्यांनी दुसरी गाडी सांगितली.

मग सपाट खळ्यावर रिकामी गाडी उभी केली. दोन्ही मागच्या टायरांत सारखी हवा भरली. टायर एकाच मापाचे आहेत ना, हेही त्यांवरचे आकडे वाचून पाहिले. काकांनी टेप धरला. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मापले. जमिनीपासून मापले नाही. कारण टायर झिजला असेल किंवा जमीन उतरती असेल, तर ते माप फसवते. काकांनी खडूने लिहिले: उजवीकडे १४ इंच, डावीकडे १२॥. दीड इंचाचा फरक! महिन्यापूर्वी काकांना हे आकडे लिहिता येत नव्हते.

पण थांबा. मागची डावी बाजू खाली आहे, म्हणून दोष तेथेच असेल असे नाही. बाजेचा एक पाय आखूड झाला की समोरचा तिरका कोपराही डुगडुगतो. तसेच पुढच्या कमानीत बिघाड असला तरी मागची एक बाजू दबू शकते. म्हणून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. पुढच्या भक्कम आडव्या दांड्याखाली, बरोबर मधोमध, जॅक लावला. पुढची दोन्ही चाके जराशी उचलली. आता पुढचा भार एकाच ठिकाणी टेकला. मागचा फरक मिटला असता, तर दोष पुढे होता. तो मिटला नाही. म्हणजे दोष मागेच. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.)

टायर कोठे घासतो, हेही बोलते. मडगार्डच्या आत चुना फासा आणि गाडी सावकाश फिरवून आणा. चुना वर पुसला गेला, तर कमान बसली आहे. पुढच्या किंवा मागच्या कडेला पुसला गेला, तर कमानीचा मधला बोल्ट तुटून आस सरकला असेल. अशा वेळी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मापावे. आमचा चुना वरच पुसला होता.

मग जॅक काढला. चारही चाके जमिनीवर टेकल्यावर डाव्या कमानीवरचा चिखल तारेच्या ब्रशाने खरवडला. यू-बोल्टच्या अगदी कडेला दुसरा पाटा आडवा तुटलेला! तडा चिखलात लपला होता. डावीच का तुटली? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. उखडलेली कड डाव्या चाकालाच लागते. शिवाय व्हॅनचे बाजूचे दार डावीकडे, म्हणून काका पोतीही तिकडेच रचत.

काका म्हणाले, "एक जादा पाटा घालू, म्हणजे पोती जास्त मावतील." आम्ही नको म्हटले. पाटा वाढला तरी ब्रेक आणि आस जुनेच राहतात. दोन्ही बाजूंच्या कमानी बदलल्या. एकच नवी घातली असती, तर गाडी उलट्या अंगाला झुकली असती. यू-बोल्टही नवे घातले. आठ दिवस गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळून घेतले, कारण नवे पाटे दबले की बोल्ट सैल पडतात.

काकांनी पुन्हा टेप लावला. दोन्हीकडे १४॥. कापलेला टायर त्यांना स्टेपनी म्हणून ठेवायचा होता. त्यावर बरीच हुज्जत झाली. शेवटी काकूंनीच तो उचलला, परसात नेला आणि त्यात माती भरून पुदिना लावला.