ट्रॅक्टरच्या शीतकरण यंत्रणेचे सुटे भाग : कंपनीचे घ्यावे की बाजारातील?

ऐन उन्हाळ्यात काळ्या जमिनीची खोल नांगरट, थंडीच्या दिवसांत भरल्या ट्रॉलीने साखर कारखान्यापर्यंत होणारी उसाची वाहतूक आणि सुगीत तासन्‌तास चालणारी मळणी ही तिन्ही कामे ट्रॅक्टरचे एंजिन विशेष तापविणारी आहेत. अशा वेळी तापमापकाचा काटा तांबड्या खुणेकडे सरकतो, रेडिएटरमधून वाफ येऊ लागते आणि ट्रॅक्टर बांधावर उभा करावा लागतो. मिस्त्री एखादा भाग बदलावयास सांगतो. तालुक्याच्या दुकानात गेल्यावर दुकानदार दोन डबे पुढे ठेवतो. एक कंपनीचा, दुसरा त्याच्या निम्म्या किमतीचा. कोणता घ्यावा, हा प्रश्न लहान दिसला तरी त्यावर कित्येकदा संपूर्ण एंजिनाचे आणि एका हंगामाचे भवितव्य अवलंबून असते.

हा निर्णय पुष्कळदा केवळ किमतीवर किंवा केवळ नावावर घेतला जातो. दोन्ही रीती सदोष होत. कोणता भाग बिघडला असता किती नुकसान होईल, आणि त्या भागाचा कस बसविण्यापूर्वी पारखता येतो की नाही, या दोन कसोट्या लावल्यास निवड सोपी होते.

उष्णता कशी बाहेर पडते

डिझेल एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारणपणे एक-तृतीयांश भागाचेच उपयुक्त कामात रूपांतर होते. तितकीच उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि उरलेल्यापैकी बरीचशी पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. पंप हे पाणी सिलिंडरांभोवतीच्या पोकळीतून फिरवितो. एंजिन थंड असेतो थर्मोस्टॅट पाण्याची रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो व ते पुरेसे तापले म्हणजे उघडून देतो. रेडिएटरच्या नळ्यांत पाणी निवते, पंखा त्यावरून हवा ओढतो आणि झाकण आतील दाब राखते. काही ट्रॅक्टरांची एंजिने हवेनेच थंड होतात. त्यांना ही यंत्रणा नसते. जीप, पिकअप व मोटारगाडी यांच्या बाबतीत मात्र पुढील बहुतेक विवेचन लागू पडते.

या साखळीतील एक कडी निकामी झाली की उष्णता एंजिनातच कोंडते. हेड वाकते, गॅस्केट उडते, पिस्टन लायनरला धरतो. पेरणीचा वाफसा चार दिवसांचा आणि एंजिन उघडून परत बांधावयास आठवडा, अशी वेळ आल्यावर सुट्या भागात वाचविलेल्या पैशांचे समाधान उरत नाही.

आधी कारण शोधावे

सुटा भाग घेण्यापूर्वी दोष नक्की करावा. मळणीच्या हंगामात रेडिएटरच्या पत्र्यांत भुसा, तूस व धूळ अडकून हवेची वाट बंद होते. पंखा हवा पुढून आत ओढणारा असल्यास हा कचरा एंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेस हवा किंवा बेताच्या जोराचे पाणी मारून काढावा. पुढून मारल्यास तो अधिकच आत बसतो. पाण्याची पातळी व पट्ट्याचा ताण पाहावा. एंजिन चांगले तापूनही रेडिएटरची खालची व वरची नळी थंडच राहत असेल, तर थर्मोस्टॅट अडकल्याचा संशय घ्यावा. एंजिन थंड असताना झाकण काढून ते सुरू केल्यावर पाण्यातून सतत बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटमधून वायू शिरत असण्याचा संभव असतो. तेथे नवा रेडिएटर बसवूनही काही साधणार नाही. तापलेल्या एंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर उडून गंभीर इजा होते.

बाजारातील चार प्रकार

बाजारात 'ओरिजिनल' व 'डुप्लिकेट' असे दोनच शब्द चालतात. वस्तुतः माल चार प्रकारचा असतो.

पहिला, ट्रॅक्टर कंपनीच्या डब्यातील भाग. असे पुष्कळ भाग कंपनी स्वतः बनवीत नाही, तर इतर कारखान्यांकडून आपल्या मापाप्रमाणे व कसाप्रमाणे करवून घेते. दुसरा, त्याच कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला भाग. तो बहुधा स्वस्त व चांगला असतो. परंतु कारखाना एक म्हणून माप व कसही एकच, असे गृहीत धरू नये. आपल्या मॉडेलचा भाग क्रमांक जुळवूनच तो घ्यावा. तिसरा, इतर स्वतंत्र उत्पादकांचा माल. यात उत्तमही असतो आणि अगदी हलकाही. चौथा, निव्वळ नकली माल, म्हणजे कंपनीच्या डब्याची हुबेहूब नक्कल करून विकलेला.

यावरून दिसून येईल की, दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराला सरसकट 'डुप्लिकेट' म्हणून नाकारणे जितके चुकीचे, तितकेच कंपनीचा डबा पाहून डोळे मिटून पैसे देणेही चुकीचे आहे. छपाई पुसट असणे, अक्षरांत चुका असणे, भाग क्रमांक किंवा उत्पादनाची तारीख नसणे, छापील किमतीपेक्षा फारच कमी दर सांगणे आणि पक्की पावती देण्यास टाळाटाळ करणे ही नकली मालाची लक्षणे होत. अनेक कंपन्या डब्यावर क्यूआर कोड छापतात; तो कंपनीने सांगितलेल्या रीतीने मोबाइलवर तपासून घ्यावा.

थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅटातील विशिष्ट मेण ठरलेल्या तापमानास वितळून प्रसरण पावते व झडप उघडते. हे तापमान बहुधा त्याच्यावर कोरलेले असते. भाग लहान व किमतीने हलका. त्यासाठी द्यावी लागणारी जादा रक्कम सामान्यतः एका दिवसाच्या डिझेलाइतकीही नसते. मात्र तो बंद स्थितीत अडकल्यास एंजिन थोड्याच वेळात तापते. म्हणून येथे कंपनीचा किंवा कंपनीस पुरवठा करणाऱ्या कारखान्याचाच भाग घ्यावा.

बसविण्यापूर्वी त्याची परीक्षा घरीही घेता येते. थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात तळाला न टेकेल असा सोडावा, जवळ तापमापक धरावा व पाणी हळूहळू तापवावे. कोरलेल्या तापमानाच्या आसपास झडप उघडू लागली पाहिजे आणि पाणी निवताना पूर्ण मिटली पाहिजे.

काही ठिकाणी 'आपल्याकडे उन्हाळा कडक, थर्मोस्टॅट हवाच कशाला?' असे म्हणून तो काढून टाकण्याची रीत आहे. ती घातक आहे. त्यामुळे एंजिन योग्य तापमानावर उशिरा येते, डिझेल अधिक जळते, तेलात गाळ साचतो व लायनर लवकर झिजतात. शिवाय ज्या एंजिनात थर्मोस्टॅट उघडताच पाण्याची आडवाट बंद होण्याची योजना असते, तेथे तो काढल्याने काही पाणी रेडिएटरकडे न जाताच परत फिरते आणि जड कामात एंजिन उलट अधिक तापते.

रेडिएटरचे झाकण

झाकण केवळ पाणी सांडू नये म्हणून नसते. समुद्रसपाटीवर उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. ०.९ किलोग्रॅम प्रतिचौरस सेंटिमीटर दाब राखणाऱ्या झाकणाखाली तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याच जागी ०.५ चे झाकण बसविल्यास ही मर्यादा सुमारे १११ अंशांवर येते. दिसावयास दोन्ही झाकणे सारखीच. परंतु सात अंशांचा हा फरक वैशाखातील नांगरटीत निर्णायक ठरतो. उलट अधिक दाबाचे झाकण लावल्यास होज पाइप व रेडिएटरचे सांधे फुटण्याचा धोका असतो. झाकणात आणखी एक लहान झडप असते. एंजिन निवताना ती उघडून आतील पोकळी भरून काढते. ती अडकल्यास थंड झालेल्या ट्रॅक्टरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या दाबाचेच झाकण घ्यावे. दाबाचा आकडा नसलेले झाकण कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

पाण्याचा पंप

पंपाचा कस त्याच्या आतील चक्रात, बेअरिंगमध्ये व सीलमध्ये असतो. पैकी सील व बेअरिंग यांची प्रत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून येथेही नावाजलेला मालच श्रेयस्कर. दुकानात जाताना जुना पंप बरोबर न्यावा. चक्राची पाती, व्यास व उंची, आसाची लांबी आणि बोल्टांची भोके जुळवून पाहावीत. चक्र व कवच यांतील फट ठरल्यापेक्षा अधिक राहिल्यास पंप फिरतो, पण पाणी पुरेसे ढकलीत नाही. आस हाताने फिरवून तो अडखळत किंवा हलत नाही याची खात्री करावी.

पंपाच्या अंगावर खालच्या बाजूस एक बारीक भोक असते. त्यातून पाणी सतत ठिबकू लागले म्हणजे आतील सील गेले असे समजावे. हे भोक खिळा ठोकून किंवा लांबी भरून बुजवू नये. तसे केल्यास पाणी बेअरिंगमध्ये शिरते व पंप भर कामात जाम होतो.

रेडिएटर

हा सर्वांत महाग भाग असल्याने बाजारातील माल घेण्याचा मोह येथेच अधिक होतो. येथे पारख मात्र बरीच शक्य आहे. नळ्यांच्या ओळी किती, गाभ्याची जाडी किती, पत्र्यांची दाटी किती आणि एकूण वजन किती हे जुन्याशी ताडून पाहावे. तीन ओळींच्या जागी दोन ओळींचा रेडिएटर बाहेरून तसाच दिसतो, पण बहुधा तितकी उष्णता टाकू शकत नाही. तांबे-पितळेचा रेडिएटर गावाजवळच्या कारागिराकडून झाळून घेता येतो. ॲल्युमिनियमच्या व प्लास्टिकची टाकी असलेल्या रेडिएटरची दुरुस्ती तितकी सुलभ नसते. टाक्या धड असतील, तर चांगल्या कारागिराकडून नवा गाभा बसवून घेणे हा तिसरा व पुष्कळदा किफायतशीर मार्ग आहे. गळक्या नळ्या नुसत्या झाळून बंद केल्यास प्रत्येक नळीगणिक रेडिएटरची शक्ती कमी होते, हे विसरू नये.

होज पाइप, क्लिपा व पट्टा

या भागांत दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारचा चांगला माल निर्धास्तपणे वापरता येतो, कारण त्यांची पारख सोपी आहे. होजच्या कापलेल्या टोकाकडे पाहावे. रबराच्या थरांत सुताचे विणकाम दिसले पाहिजे. आतील व्यास व वळण जुन्याप्रमाणे असावे. खालच्या होजमधून पंप पाणी ओढतो. मूळ होजमध्ये तारेची स्प्रिंग असेल तर नव्यातही ती असलीच पाहिजे. नाहीतर जोरात चालताना होज आत ओढला जाऊन पाणी अडते. पट्टा पुलीच्या खाचेच्या तळाला टेकू नये. तो दोन्ही कडांवर बसावा. बसविल्यावर ताण पुस्तिकेप्रमाणे ठेवावा व नवा पट्टा काही तास चालल्यानंतर तो पुन्हा तपासावा.

पाण्याचा प्रश्न

उत्तम भागही वाईट पाण्याने निकामी होतो. अवर्षणप्रवण भागातील पुष्कळ विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. त्यातील क्षार सिलिंडराभोवती व नळ्यांत पुटासारखे बसतात आणि उष्णता अडवितात. म्हणून कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. त्यायोगे गंज आवरतो व उकळण्याची मर्यादाही वाढते. निरनिराळ्या प्रकारची कूलंटे एकत्र करू नयेत.

हमी, चाचणी व पावती

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी घेतली जाते व ती उष्ण हवेतही होते. ती चाचणी त्या ट्रॅक्टरच्या मूळ भागांसह झालेली असते. भाग बदलल्यावर तिच्यातील आकडे जसेच्या तसे लागू पडतील असे धरून चालू नये. ट्रॅक्टर हमीच्या मुदतीत असेतो कंपनीचेच भाग अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावेत व पक्की पावती जपून ठेवावी. हमीचा दावा करताना किंवा नकली मालाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागताना पावती हाच मुख्य पुरावा ठरतो.

थोडक्यात, थर्मोस्टॅट, झाकण व पंप यांत काटकसर करू नये. होज, क्लिपा व पट्टा पारखून बाजारातून घ्यावेत. रेडिएटरच्या बाबतीत माप, ओळी व वजन ताडून मगच ठरवावे. प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने एक वही ठेवून तीत भागाचे नाव, क्रमांक, उत्पादक, बसविल्याची तारीख व त्या वेळचे मीटरवरील तास यांची नोंद करावी. दोन-तीन हंगामांनंतर कोणता माल आपल्या रानात टिकतो, हे त्या वहीवरूनच कळू लागेल. आणि ही सर्व तपासणी नांगरटीच्या आधी, ट्रॅक्टर मोकळा असताना करावी. कारण बांधावर उभ्या असलेल्या तापल्या ट्रॅक्टरसाठी घाईने घेतलेला भाग निवडून घेतलेला नसतो, तो मिळाला म्हणून घेतलेला असतो.