जुन्या लॅपटॉपवर लिनक्स : एक अनुभव

या स्मरणिकेच्या अखेरीस माजी विद्यार्थ्यांची जी नामावली छापली आहे, ती गेल्या दिवाळीपर्यंत कार्यालयातील एका जुन्या लॅपटॉपमध्ये अडकून पडली होती. विंडोज 7 असलेले ते यंत्र सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे घेई, संकेतस्थळे उघडत नसत, आणि दुरुस्तीच्या दुकानात 'सर, भंगारात द्या' असा सल्ला मिळाला. आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणकाचे रीतसर शिक्षण आमच्या वाट्याला आलेले नाही. परंतु दस्तऐवज भंगारात देणे आमच्या स्वभावात बसत नाही. असा लॅपटॉप आज पुष्कळ घरांत कपाटावर पडून असतो. पाथर्डी-जामखेडकडील ज्या पालकांना हंगाम लागताच ऊसतोडीला जावे लागते, त्यांच्या मुलांना नवा कोठून मिळणार? म्हणून हा अनुभव नोंदवीत आहोत.

विंडोज 7 ला कंपनीने 14 जानेवारी 2020 रोजी आधार देणे थांबविले. लिनक्सचे तसे नाही. 1991 साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि 1992 पासून तो अशा परवान्याखाली आला की कोणीही तो वापरावा, वाचावा, बदलावा आणि पुढे द्यावा. आपल्या राज्यातही हा प्रयोग जुना आहे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट धनगरवाडा येथील शाळेत 2007 साली मुलांच्या हाती जे छोटे हिरवे लॅपटॉप आले, ते लिनक्सवरच चालत. त्यांची स्मृती अवघी 256 एमबी होती. आमच्या 'भंगाराची' 2 जीबी, म्हणजे आठपट!

धम्मवंदनेत 'एहिपस्सिको' हा शब्द आपण रोज म्हणतो : या, स्वतः पाहा. लिनक्सची रीत तीच आहे. पेनड्राइव्हवरून ती नुसती चालवून पाहता येते. तोवर आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडली. किमान 2 जीबी स्मृतीवर ती चालते. 4 जीबी असल्यास बरे. (32-बिटच्या फार जुन्या यंत्रांवर ती चालत नाही, तेथे डेबियन 12 घ्यावे.) पहिल्या खेपेस पेनड्राइव्हवरून यंत्र सुरूच होईना. वीज गेल्याने उतरवून घेतलेली फाइल अपुरी राहिली होती. संकेतस्थळावर फाइलच्या पडताळणीचा आकडा दिलेला असतो; तो आधीच जुळवून पाहिला असता तर आमची एक संध्याकाळ वाचली असती. आणि सर्वांत आधी, कशालाही हात लावण्यापूर्वी, सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. येथे घाई करू नये.

संकेतस्थळे न उघडण्याचे कारण आम्हाला आमच्याच विषयात सापडले : यंत्राची तारीख 1 जानेवारी 2009 होती. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. यंत्राच्या मते ती मुदत अजून सुरूच झाली नव्हती, म्हणून ब्राउझर प्रत्येक स्थळाला अविश्वसनीय ठरवी. दुकानदार त्याला व्हायरस म्हणत होता. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती संपली की घड्याळ मागे जाते. इंटरनेट जोडताच लिनक्स तारीख सुधारते खरी, पण आमच्याकडे इंटरनेट सदैव नसते, म्हणून बॅटरी बदलूनच घेतली.

वाय-फाय मिळेना. त्याच्या ब्रॉडकॉम चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो आणण्यास आधी इंटरनेट हवे! मोबाइल वायरने जोडून त्याचे इंटरनेट यंत्राला दिले आणि 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून काम झाले. पुढे 'डिस्क्स' या साधनाने हार्ड डिस्क खराब होत असल्याचा इशारा दिला. तिच्या जागी एसएसडी बसविली. खर्च करायचाच तर पहिला येथे करावा; वेगातला खरा फरक तेथेच पडला.

खरी कसोटी पुढे होती. नामावलीची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता. ती जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलेली होती. त्या फाँटमध्ये मराठी अक्षर केवळ चित्र असते, यंत्राच्या लेखी तेथे इंग्रजी अक्षरच साठवलेले असते. परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये आणली, पण 'कुऱ्हाडे'चे 'कुर्हाडे' झाले, काही ठिकाणी वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली. आमच्या आजोबा-पणजोबांची नावे एके काळी दप्तरात मुद्दाम तोडून, 'या' लावून लिहिली जात. त्यांच्या पतवंडांचे नाव आपल्याच संस्थेच्या ग्रंथात यंत्राने मोडावे, हे आम्हाला सहन होण्यासारखे नव्हते. दहावीच्या मुलींनी जनरल रजिस्टर समोर ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचले आणि आम्ही इनस्क्रिप्ट कळपाटावर दुरुस्त केले. या कामास नऊ रात्री लागल्या. लिनक्स बसविण्यास जेमतेम पाऊण तास लागला होता.

नामावलीत तरीही चूक आढळल्यास कार्यालयास कळवावे. फाइल त्याच लॅपटॉपवर आहे.