तिसरी घंटा कुणाच्या हातात?



मंडळाच्या मागच्या नाट्यवाचनानंतर एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, बॅकस्टेजवाला नेमकं काय करतो? खुर्च्याच उचलतो ना?" मी हसून 'हो' म्हटले, कारण खुर्च्या मी खरोखरच उचलल्या आहेत. पण ते उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे इथे लिहितो.

एम.ए.ला प्रवेश घेण्यापूर्वी दोन वर्षे मी एका व्यावसायिक नाटकाबरोबर दौऱ्यावर होतो. जाहिरातीत अगदी खालच्या ओळीत 'रंगमंच व्यवस्था' असे छापतात ना, ते माझे काम. कोल्हापूर, बेळगाव, मग चोर्ला घाट उतरून गोवा, आणि परत. नाटक एकच, पण रंगमंच रोज नवा.

आधी दोन शब्द

साहित्याचे विद्यार्थी म्हणून सुरुवात शब्दांपासून करू. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' अशी सूचना येते. तिचा अर्थ पडद्यामागून, आतून येणारा आवाज. नेपथ्य म्हणजे नटांची वेशभूषा, आणि ती जिथे होते ती आतली जागा. आज मराठीत आपण नेपथ्य म्हणतो ते रंगमंचावर उभ्या असलेल्या घराला, भिंतींना, जिन्याला. म्हणजे आत होता तो शब्द प्रेक्षकांसमोर आला.

'सूत्रधार' या शब्दाचा प्रवास उलटा झाला. संस्कृत नाटकाच्या सुरुवातीला प्रेक्षकांसमोर येऊन बोलणारा तो सूत्रधार. आजच्या व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत सूत्रधार म्हणजे तारखा, प्रवास आणि पैशांचे व्यवहार पाहणारा माणूस. तो प्रेक्षकांना दिसत नाही. समोरचा आत गेला आणि आतला समोर आला. पण सूत्रे कुणीतरी धरावीच लागतात, हे मात्र बदलले नाही.

दिवस कसा जातो

रात्री साडेआठचा प्रयोग असेल तर आमची बस दुपारी तीन-चारपर्यंत पोचायला हवी. बस थांबली की नट मंडळी चहाला जातात आणि आमची माणसे मागचे दार उघडतात. फ्लॅट, लेव्हल, पायऱ्या, दरवाजाची चौकट, कपड्यांच्या पेट्या, हातवस्तूंची ट्रंक असे सगळे उतरते. मी सामानाला हात लावण्याआधी रिकाम्या रंगमंचावर जातो आणि पावलांनी रुंदी-खोली मोजतो. कारण पणजीच्या कला अकादमीत किंवा मडगावच्या रवींद्र भवनात ऐसपैस बसणारे घर दुसऱ्या दिवशी देवळाच्या प्रांगणातल्या उत्सवी रंगमंचावर मावेलच असे नाही. कुठे विंगेत उभे राहायला जागा नसते, तर कुठे विंगेतून पलीकडे जायला मागून वाटच नसते. नटाला बाहेरून, पावसात छत्री घेऊन, दुसऱ्या बाजूला पळावे लागते.

मग घर लहान करायचे. एक फ्लॅट गाळायचा, सोफा हातभर पुढे घ्यायचा. पण सोफा हलला की नटाची चार पावले बदलतात आणि दिव्याचा झोतही सरकवावा लागतो. म्हणून प्रत्येक बदल ज्याला त्याला सांगायचा, आणि अंधारात दिसावा म्हणून पायऱ्यांच्या कडेला रेडियमची पट्टी लावायची. संध्याकाळी सात वाजता मी सगळ्यांना रंगमंचावरून एकदा चालायला लावत असे. थकलेली माणसे कुरकुरत, पण चालत.

वही

माझ्याजवळ नाटकाची एक जाडजूड वही होती. डाव्या पानावर संहिता, उजव्या पानावर रकाने: कुठल्या शब्दावर काय होते, कोण कुठून येतो, त्याच्या हातात काय, दिवा कोणता, आवाज कोणता. वर्गात आपण संवाद वाचतो. ही वही संवादांच्या मधले नाटक वाचते.

उदाहरण म्हणून तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या. 1967 सालचे हे नाटक आपण अभ्यासले आहे. प्रयोगासाठी परगावी आलेली एक हौशी नाटक मंडळी, हीच त्याची गोष्ट. वर्गात आपण बेणारेबाईंच्या मनाबद्दल बोललो, समाजाच्या ढोंगाबद्दल बोललो. आता तेच नाटक हातवस्तूंची यादी करत वाचा. पहिली नोंद दाराच्या कडीची. सुरुवातीला बेणारेबाईंचे बोट तिच्यात सापडते, आणि पुढे त्या निघून जाऊ पाहतात तेव्हा दार बाहेरून बंद झालेले असते. दुसरी नोंद सामंतच्या हिरव्या कापडी पोपटाची. तो शेवटी बेणारेबाईंजवळ ठेवला जातो. म्हणजे व्यवस्थापकाने कडी खरोखर अडकेल अशी लावली पाहिजे आणि पोपट शेवटपर्यंत सांभाळला पाहिजे. कडी सैल राहिली तर बाईंची कोंडी खोटी वाटेल. या दोन वस्तूंचा माग काढला तरी नाटकाचा अर्थ अर्धा हाती लागतो. हे मला कुठल्या समीक्षेने नाही, वहीच्या सवयीने शिकवले.

दुसरे उदाहरण अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चे, 1962 सालचे. त्यातला लखोबा लोखंडे आपल्या भागातला, निपाणीचा तंबाखूवाला. प्रभाकर पणशीकर त्यात पाच रूपे घेऊन येत आणि नाटकाला फिरता रंगमंच होता. प्रेक्षक टाळ्या वाजवत त्या रूपांना. पण प्रत्येक रूप बदलताना आत कुणीतरी कपडे हातात धरून, बरोबर त्याच जागी, उभे असणारच. बहुरूपी नटाचे यश हे अंधारात उभ्या असलेल्या त्या माणसाचेही असते.

एक चूक

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो.

घाटात वाहतूक अडली आणि आम्ही एका गावी तीन तास उशिरा पोचलो. तिथला रंगमंच उथळ होता. मागची लेव्हल तिरकी करावी लागली आणि तिच्या पायऱ्या नेहमीच्या जागेपासून फूटभर डावीकडे गेल्या. प्रयोगाची वेळ उलटून गेली होती. बाहेर प्रेक्षक टाळ्या पिटत होते, शिट्ट्या येत होत्या. संयोजक माझ्या खांद्याशी उभे राहून सारखे म्हणत होते, "घंटा द्या हो आता!"

सेट लावणाऱ्यांमध्ये सर्वांत जुने असलेल्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. ते पायऱ्यांपाशी वाकलेले होते. म्हणाले, "पाच मिनिटं दे रे."

मी दिली नाहीत. तिसरी घंटा दिली.

दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी अंधार होतो आणि आमच्या ज्येष्ठ अभिनेत्री त्या पायऱ्यांवरून उतरून विंगेत येतात. पट्टी लावलेली होती, पण पायऱ्या लेव्हलला जोडलेल्या नव्हत्या. बाईंचा पाय पडताच त्या सरकल्या. मला विंगेत फक्त आवाज ऐकू आला. दिवे लागले तेव्हा बाई रंगमंचावर होत्या, डावा हात पदराखाली धरून, आणि त्यांचे वाक्य अगदी वेळेवर आले. अंक संपेपर्यंत प्रेक्षकांना काही कळले नाही. उलट त्या रात्री त्यांना नेहमीपेक्षा जास्त टाळ्या मिळाल्या.

मध्यंतरात मामांनी न बोलता पायऱ्या ठोकल्या. त्यांना लागली ती पाचच मिनिटे.

रात्री एक्स-रे काढला. मनगटाचे हाड चिरले होते. दवाखान्याच्या बाकावर मी बाईंची माफी मागितली. उशीर, घाट, संयोजक, प्रेक्षक, सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "घंटा तुझ्या हातात होती ना?"

पुढचे सगळे प्रयोग त्यांनी प्लास्टरवर शाल घेऊन केले. मी वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिली: दोन्ही विंगांतून 'झालं' असा आवाज आल्याशिवाय घंटा नाही. त्यानंतर संयोजकांची बोलणी खाल्ली, प्रयोग वीस मिनिटे उशिरा सुरू केला, पण ती ओळ मोडली नाही.

तेव्हा, खुर्च्या उचलणे हे कामाचे दिसणारे रूप. खरे काम म्हणजे सर्वांना घाई असताना थांबायचे धैर्य. अंधारात पाऊल टाकणारी व्यक्ती खाली न बघता टाकते, कारण कुणीतरी आधी बघितले आहे असे तिने धरलेले असते. तो विश्वास सांभाळायचा.

करून पाहा

1. अभ्यासक्रमातल्या कोणत्याही नाटकाच्या एका अंकाची हातवस्तूंची यादी करा. कोणती वस्तू दोनदा येते? दुसऱ्यांदा तिचा अर्थ बदलतो का?

2. त्याच अंकातले प्रवेश-निर्गम लिहा. कोण किती वेळ न बोलता रंगमंचावर असते, ते मोजा.

3. आपल्या कॉलेजच्या हॉलचा रंगमंच पावलांनी मोजा आणि त्या अंकाचे घर त्यात कसे बसेल याचे चित्र काढा.

4. पुढच्या स्नेहसंमेलनात नाटक संपल्यावर विंगेत जा आणि सामान आवरणाऱ्यांपैकी एकाला त्याचे काम विचारा. त्यावर दहा ओळी लिहून मंडळाकडे द्या.

वह्या मी स्वतः तपासणार आहे. आणि त्या विद्यार्थिनीला सांगणे: यंदाच्या नाटकाची घंटा तू द्यायचीस.