हवेवर उभी राहणारी गाडी : दोष शोधण्याची रीत

कारागीर बंधूंनो, जुन्या रेंज रोव्हर गाड्या आता सामान्य गॅरेजमध्येही येऊ लागल्या आहेत. 1994 ते 2002 या काळात इंग्लंडमधील सोलिहल येथे तयार झालेल्या मॉडेलला चारही चाकांवर लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे आहेत. गाडी बसली की बरेच मिस्त्री सरळ नवा कॉम्प्रेसर टाकतात. महिन्याभराने गाडी पुन्हा बसते, ग्राहक भांडतो आणि गॅरेजचे नाव जाते. म्हणून क्रमाने तपासणी कशी करावी, ते आम्ही येथे सांगत आहोत.

प्रथम रचना समजून घ्या. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ड्रायर तिच्यातील ओल शोषतो आणि सुमारे 10 बार दाबाने ती टाकीत साठते. व्हॉल्व्ह ब्लॉकमधून ती चार फुग्यांत जाते. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर उंची मोजतो व कॉम्प्युटर त्याप्रमाणे व्हॉल्व्ह उघडतो.

सकाळी गाडी बसलेली आणि सुरू केल्यावर उठते, याचा अर्थ गळती आहे. परंतु गळणारा कोपरा नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. बंद गाडीतही कॉम्प्युटर ठरावीक तासांनी जागा होतो आणि सर्वांत खाली गेलेल्या कोपऱ्याशी बाकीचे तीन कोपरे जुळवतो. गळते एक चाक, बसते सारी गाडी. यासाठी संध्याकाळी कॉम्प्युटरला जागे करणारा टायमर रिले काढून ठेवा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. ज्या कोपऱ्याचे अंतर कमी झाले, तेथे दोष.

त्या कोपऱ्यावर साबणाचे पाणी लावा. रबर जेथे दुमडते तेथे ते म्हातारे होऊन चिरते. ही चीर गाडी उंच केल्यावरच दिसते. पाइपचा जोडही पाहा. दोन्हीकडे बुडबुडे नसतील, तर व्हॉल्व्ह ब्लॉकमधील ओ-रिंग कडक झाल्या असण्याचा संभव आहे. त्यांचा संच मिळतो व सारा ब्लॉक बदलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. फुगा बदलताना त्याच ॲक्सलचा दुसराही बदलणे चांगले, कारण दोघांचे वय एकच असते.

कॉम्प्रेसर फार वेळ चालतो, तापतो आणि बंद पडतो, तेव्हाही आधी गळतीच शोधा. गळती नसेल तर पिस्टनचे सील झिजले असावे. तेवढेच बदलता येते. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही जळेल. ड्रायरमधील दाणे निकामी झाले असतील तर तेही बदला, नाहीतर ओल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते.

गाडी एकदम रबरी ठोकळ्यांवर बसली, कॉम्प्रेसर गप्प आणि गळतीही नाही, अशा वेळी वीज तपासा : फ्यूज, रिले, कनेक्टरमधला गंज, उंचीचे सेन्सर. सेन्सरची पट्टी झिजली की त्याचे माप मध्येच उडी मारते. दोष दुरुस्त झाला तरी कॉम्प्युटरच्या स्मरणात तो राहतो. तपासणी यंत्र जोडून तो पुसल्याशिवाय गाडी उठत नाही. दुरुस्ती बरोबर असूनही ती फसली असे समजून पुन्हा सुटे भाग बदलू नका. सेन्सर बदलल्यास उंचीचे माप नव्याने जुळवावे लागते.

काही ग्राहक हवेची सारी व्यवस्था काढून लोखंडी स्प्रिंग मागतात. तेही करता येते. मात्र गाडीची उंची बटनाने कमीजास्त करण्याची सोय जाईल, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा.

सर्वांत महत्त्वाचे : चेसिसखाली मजबूत घोड्या लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. हवा निघाली की गाडी क्षणात खाली येते, तिला जॅकचा भरवसा नाही. पाइप सोडण्यापूर्वी त्यातील दाब उतरवा. दार उघडे असताना ही व्यवस्था उंची बदलत नाही, पण केवळ त्यावर विसंबून जीव धोक्यात घालू नका.

मोजमापाची वही ठेवा व ती ग्राहकाला दाखवा. पुरावा पाहिलेला ग्राहक मजुरीसाठी घासाघीस करत नाही आणि पुढची गाडीही तुमच्याकडेच आणतो.