वडिलांचें दुखणें आणि मुलांचें कर्तव्य

रत्नागिरी जिल्ह्यांत असें घर क्वचितच सांपडेल कीं ज्यांतील कोणी चाकरीसाठीं मुंबईस गेलेला नाहीं. गांवीं वडील, मुंबईस मुलगा, आणि मध्यें सुमारें ३३० किलोमीटरांची वाट, अशी पुष्कळ संसारांची मांडणी आहे. अशा एखाद्या घरीं वडिलांस प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाल्याचा कागद येतो, तेव्हां मुलांच्या तोंडून पहिलें वाक्य बहुधा हेंच निघतें कीं, “बाबांना कांहीं सांगूं नका.” हें वाक्य प्रेमाचें आहे यांत संशय नाहीं, परंतु तें हिताचें आहे काय, याचा विचार आम्ही या पाठांत करणार आहों.

१. रोगाची ओळख. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालीं, मूत्रमार्गाच्या भोंवतीं असलेली अक्रोडाएवढी ग्रंथि होय. उतारवयांत ती बहुतेकांची वाढते. लघवीची धार बारीक होते व रात्रीं वारंवार उठावें लागतें. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. उलट कर्करोग आरंभीं पुष्कळदां कांहींच त्रास देत नाहीं. रक्ताच्या पी.एस.ए. तपासणींत आंकडा चढलेला दिसला म्हणजे संशय येतो. पण साध्या वाढीनें किंवा जंतुसंसर्गानेंही तो चढतो. म्हणून ग्रंथीचे बारीक तुकडे सुईनें काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात, व निर्णय त्यावरून होतो. सुई लावली कीं रोग पसरतो, अशी भीति गांवोगांव आहे. तिच्यामुळें ही तपासणी टाळूं नये. तिच्यावांचून योग्य उपचार ठरविणें कठीण. दुसरी गोष्ट, हा रोग स्पर्शानें किंवा एका ताटांत जेवल्यानें कोणास लागत नाहीं. वडिलांचें ताट निराळें मांडणें हा निव्वळ अन्याय होय.

२. रोग कळल्याबरोबर मरण दारीं आलें असें समजूं नये. ब्रिटनमध्यें, ज्यांचा रोग ग्रंथीपुरताच होता अशा १,६४३ पुरुषांचे तीन गट केले. एका गटास शस्त्रक्रिया, दुसऱ्यास किरणोपचार, आणि तिसऱ्यास तूर्त केवळ नियमित देखरेख, असें ठरलें. सुमारें १५ वर्षांनंतरचा निकाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. या रोगानें दगावलेले एकंदर ४५ जण होते, म्हणजे शंभरांत तिघांहूनही कमी. आणि या बाबतींत तिन्ही गटांत फारसा भेद नव्हता. मात्र देखरेखीच्या गटांत रोग पसरण्याचें प्रमाण अधिक होतें, व त्यांतील पुष्कळांनीं पुढें उपचार घेतले. ही गोष्ट लवकर सांपडलेल्या रोगाची आहे. तथापि रोग हाडांत पसरला तरी हात टेकण्याचें कारण नाहीं. पुरुषी संप्रेरकें कमी केलीं असतां हा रोग मागें हटतो, असें शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं दाखविलें, आणि त्याबद्दल १९६६ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आजही पसरलेल्या रोगाचा मुख्य उपचार याच तत्त्वावर चालतो, व त्यानें कित्येकांस वर्षानुवर्षें आयुष्य लाभतें.

३. आतां मुख्य प्रश्न. वडिलांस सांगावें कीं नाहीं? सांगावें; आणि त्याचें कारण वरील गोष्टींतच आहे. या रोगांत मार्ग अनेक असतात, आणि प्रत्येक मार्गाची किंमत निराळी असते. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा सुटण्याचा व पतिपत्नीसंबंधांत अडचण येण्याचा संभव असतो. किरणोपचारानें आंतड्यांस त्रास होऊं शकतो. संप्रेरकांच्या उपचारानें अंगांतून गरम वाफा निघतात, थकवा येतो, हाडें ठिसूळ होतात, मन चिडचिडें होतें. यांपैकीं कोणता त्रास आपण सोसूं शकूं, हें ज्याचें शरीर त्यासच ठाऊक. ज्या बापानें घर, शेत आणि मुलांचें शिक्षण यांचे निर्णय जन्मभर केले, त्यास स्वतःच्या देहाविषयींच्या निर्णयांतून वगळणें हा त्याचा मान राखणें नव्हे.

शिवाय लपविलेलें लपत नाहीं. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, तें गिरण्यांच्या वस्तींतच, जेथें कोंकणचे हजारों कामगार राहत असत. तेव्हांपासून “टाटाला नेलें” एवढ्या शब्दांनींच रोगाचें नांव न घेतां सर्व कळतें. मग वडील जाणतात पण बोलत नाहींत. मुलें जाणतात पण बोलत नाहींत. आणि एकाच ओटीवर बसून सर्वजण एकटे पडतात.

सांगण्याची रीत मात्र सौम्य असावी. प्रथम विचारावें, “बाबा, डॉक्टर काय म्हणाले तें सगळें ऐकायचं आहे का?” त्यांनीं होय म्हटलें तर डॉक्टरांसमक्ष साध्या शब्दांत सांगावें. “तुम्हीच काय तें पाहा,” असें ते म्हणाले तर तोही त्यांचाच निर्णय समजावा, व पुढें त्यांस वाटेल तेव्हां बोलण्यास दार उघडें ठेवावें. लघवीच्या तक्रारी सुनेसमोर बोलण्यास त्यांस संकोच वाटेल. म्हणून डॉक्टरांजवळ कांहीं वेळ त्यांस एकटें बोलूं द्यावें. आईसही वगळूं नये. रात्रींची जाग तिचीच असते.

४. हातांनीं करावयाचें साहाय्य. एक वही करावी. तींत तपासण्यांचे आंकडे, औषधें, तारखा आणि डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न लिहावे. सर्व कागद एका पिशवींत ठेवावे. भावंडांपैकीं एकानेंच डॉक्टरांशीं बोलावें व इतरांस कळवावें. मुंबईचा एक सल्ला आणि गांवचा दुसरा, यांत रोग्याचे हाल होतात. उपचारासाठीं प्रत्येक वेळीं मुंबईच गांठावी असें नाहीं. चिपळूण तालुक्यांत डेरवण येथील वालावलकर रुग्णालयांतही कर्करोगावर उपचार होतात. मुंबईस जावें लागलें तर दादर येथील श्री गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेंत दूरच्या रोग्यांस व नातलगांस आसरा मिळतो. शेत गहाण टाकण्यापूर्वीं रुग्णालयांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अवश्य करावी, व त्यासाठीं शिधापत्रिका आणि आधारकार्ड बरोबर न्यावें.

दोन गोष्टींत एक दिवसही थांबूं नये. लघवी मुळींच होईनाशी झाली, किंवा पाठींत जबर दुखून पायांतील शक्ति कमी झाली, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. दुसऱ्या प्रकारांत मणक्यांतील मज्जारज्जूवर दाब येत असण्याचा संभव असतो, व उशीर झाल्यास पाय कायमचे जातात.

मुलांनीं स्वतःकडेही पाहावें. ज्याच्या वडिलांस हा रोग झाला त्यास तो होण्याचा संभव इतरांच्या सुमारें दुप्पट असतो. म्हणून पंचेचाळिशीनंतर त्यानें डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

५. गांवांतील शिक्षकांस व उपदेशकांस एक शब्द. इंग्रजी कागद वाचून घेण्यास लोक तुम्हांकडेच येतात. वाचा, पण स्वतः निदान सांगूं नका. डॉक्टरांस काय विचारावें तें लिहून द्या. आणि रोग्याची परवानगी नसतां मंडळींत, प्रार्थनेच्या निमित्तानेंसुद्धां, त्याच्या रोगाचें नांव उच्चारूं नका. भेटीस जाल तेव्हां दुसऱ्यांच्या मरणाच्या कथा सांगूं नका. थोडें बसा, आणि त्यास बोलूं द्या.

घरीं बसून विचार करण्यासाठीं प्रश्न:

(१) आपल्या घरीं कोणाचें दुखणें कोणापासून लपविलें आहे काय? त्यानें कोणाचें हित झालें?

(२) वडील आजारी पडल्यास डॉक्टरांशीं कोण बोलणार, सोबत कोण राहणार, आणि आईस विसावा कोण देणार?

(३) आपणांस असा रोग झाल्यास मुलांनीं आपणांस किती सांगावें, हें आजच त्यांस सांगून ठेवतां येईल काय?